डाव्या गुडघ्याची डबी

"चमत्काराला विज्ञानाच्या कोर्टात उभं राहावंच लागेल! आणि ज्या चमत्काराला उभं राहता येत नसेल, त्यानं तसं लेखी कळवावं!"

लातूरच्या एका कॉलेजात जन्मभर पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या गुरुलिंग सरांनी ही घोषणा केली, तेव्हा श्रोतृवर्ग एकच होता आणि तो मेथी निवडत होता.

"चमत्कार बघून घेईल त्याचं त्यो," शिवकांताबाई म्हणाल्या. "मला हितं मोरीपर्यंत जाईस्तोवर उभं राहता येईना, त्याचं बोला. आन् त्या काड्या पेपरवर टाका, खाली न्हाई."

सरांनी काड्या पेपरवर टाकल्या.

वादाचं कारण होतं एक डबी. चाकूरच्या पुढं आडवाटेला एक मठ आहे. तिथली विभूती सांध्याला लावली की दुखणं जातं, अशी त्या भागात ख्याती. शेजारच्या तारामतीनं मोठ्या भक्तिभावानं डबीभर आणून दिली होती. शिवकांताबाईंच्या दोन्ही गुडघ्यांतली गादी झिजलेली. नांदेडच्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून सांगितलं होतं की दोन्ही वाट्या बदला, उशीर करू नका, पाय वाकडे व्हायला लागलेत. बाईंचं म्हणणं असं की, कापाकापी काय पळून चालली न्हाई. आधी महिनाभर देवाचं करून बघू.

सर लगेच हो म्हणाले. सगळ्या संसारात ते इतक्या चटकन कशालाच हो म्हणाले नव्हते. बाईंनी तिथंच सावध व्हायला हवं होतं. पण गुडघा दुखत असला की माणसाचं चित्त गुडघ्यातच असतं.

सरांना भलतंच काहीतरी सुचलं होतं. अंधश्रद्धेवरच्या त्यांच्या व्याख्यानांत दर वेळी एक अडचण यायची. ते म्हणायचे, काही जणांना विभूती द्या, काही जणांना साधी राख द्या, आणि कोण बरं होतं ते बघा. की मागच्या रांगेतून कुणीतरी उठायचं. "सर, माणसं काय सारखी असतेत का? एकाची सून धड असती, एकाची नसती. त्यानं बी दुखणं कमीजास्ती होतं." सुनेच्या या मुद्द्याला विज्ञानात उत्तर नव्हतं. आणि आता ते उत्तर घरातच खुर्चीवर बसून मेथी निवडत होतं. एका बाईचे दोन गुडघे! तेच वय, तीच भाकरी, पुण्याहून फोन करणारी तीच सून. उजव्याला विभूती, डाव्याला राख. इतकी न्यायाची परीक्षा खुद्द देवाला मागून मिळाली नसती.

पण राख मिळेना. गॅस आल्यापासून घरातली राख संपली. उदबत्तीची होती, पण ती देवघरातली. म्हणजे प्रयोग मुळातच बाटला असता. शेवटी सरांनी पलंगाखालची, मच्छरच्या कॉइलची राख गोळा केली, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळली आणि रंग जुळावा म्हणून तिच्यात खडूची पूड मिसळली. जन्मभर खडू हाताळल्याचा एवढा उपयोग त्यांना पूर्वी कधी झाला नव्हता.

"दोन डब्या कशापायी?" बाईंनी विचारलं.

"डाव्याची वेगळी, उजव्याची वेगळी."

"मठातनं तसं सांगितलंय व्हय?"

सर "हं" म्हणाले. हे खोटं बोलणं नव्हे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. आपण नुसता घसा साफ केला. घसा मात्र साफ झाला नाही.

बाईंनी स्वतः लावलं असतं तर डब्यांची अदलाबदल झाली असती, म्हणून सर रोज सकाळी स्वतः स्टुलावर बसू लागले. पहिल्या दिवशी बाईंनी लुगडं खाली ओढलं.

"अहो, पायाला हात नका लावू. मला पाप लागंल."

"कोण बघतंय?"

"देव बघून राहिलाय की."

देव बघत असल्याची सरांना फिकीर नव्हती. बाई बघत होत्या, ही अडचण होती. आणि त्याहून मोठी अडचण, बाई डोळे मिटत होत्या. उजव्या गुडघ्याला लावण्याआधी त्यांनी डबीतली चिमूट कपाळाला टेकवली, हात जोडले, "नमः शिवाय" म्हटलं. मग डाव्याच्या वेळी पुन्हा चिमूट, पुन्हा हात, पुन्हा "नमः शिवाय". तसंच्या तसं, त्याच भावानं. मच्छरच्या कॉइलला.

तिथं सरांनी डबीचं झाकण लावायला घेतलं. पण प्रयोग अर्ध्यावर सोडू नये, हेही त्यांनीच पिढ्यान्‌पिढ्यांच्या पोरांना शिकवलेलं.

उजव्या गुडघ्याशी त्यांचा व्यवहार चोख होता. विभूती लावली, संपलं. डाव्याला मात्र नुसतं बोट फिरवून उठणं त्यांना बरं दिसेना. ज्याला फसवतोय त्याला निदान थोडं चोळून तरी द्यावं. मग वाटीच्या कडेनं अंगठा फिरू लागला, मागची शीर सापडली, हात पोटरीपर्यंत गेला. पुढं गरम पाण्याचं फडकंही आलं. ज्या घरी चोरी केली त्याच घराच्या राखणीला चोरानं बसावं, तसे सर त्या गुडघ्यापाशी बसून राहायचे.

महिना सरता सरता बाई म्हणाल्या, "डावा लई हलका झालाय बघा. उजवा मातर हाय तसाच."

सर हरखले. विभूती हरली, कॉइल जिंकली! पुढच्या व्याख्यानाचं पहिलं वाक्यही त्यांना सुचलं. पण मास्तरकीची एक खोड असते. उत्तर बरोबर आलं तरी मास्तर मधल्या पायऱ्या तपासतो. सरांनी पायऱ्या तपासल्या आणि तिथंच चूक सापडली. फरक राखेचा नव्हताच, हाताचा होता. डाव्या गुडघ्याला राखेसोबत हात मिळाला होता. उजव्याला नुसती विभूती. म्हणजे बायको फसवली ती फसवलीच, वर देवाचीही परीक्षा धड घेतली नाही. ज्याचं अस्तित्व आपण मानत नाही त्याच्यावर आपल्या हातून अन्याय झाला, ही भावना कुठल्याच तर्कात बसत नव्हती. पण ती येऊन बसली होती, आणि उठायचं नाव घेत नव्हती.

बाईंनी मात्र सरळ हिशोब केला. डाव्या डबीनं गुण आला, तर आता उजव्यालाही डाव्या डबीतलीच लावायची, आणि ऑपरेशन रद्द.

ही बातमी गल्लीत जायला वेळ लागला नाही. तारामती दारात आली. "वैनी, त्या डाव्या डबीतली चिमूटभर द्या की. आमच्या सासूची कंबर धरलीया."

"कंबर डावी का उजवी?"

"मधलीच हाय."

"मग दोन्हीकडनं लावा," असं म्हणून बाईंनी कागदात पुडी बांधून दिली.

सर आतल्या खोलीत मोठ्यानं खोकले. त्या खोकल्याचा कुणी काही अर्थ लावला नाही.

"उद्या नांदेडला जाऊ," बाई म्हणाल्या. "डॉक्टरला पाय दावू आन् नको म्हणून सांगून येऊ. फोनवर सांगितलं तर त्याला वाटंल, म्हातारी भ्याली."

आता बोलायलाच हवं होतं. पाय वाकडे होत चाललेली बायको एका डबीच्या भरवशावर ऑपरेशन नाकारायला निघाली होती, आणि ती डबी आपण भरली होती. रात्र गेली, सकाळ गेली, सर बोलले नाहीत. एसटी निघाली. चाकूर आलं तेव्हा बाईंनी मठाच्या दिशेनं हात जोडले. सरांनी खिडकीबाहेर बघितलं. अहमदपूर गेलं. लोह्याच्या स्टँडवर गाडी थांबली, पेरूवाल्यानं खिडकीतून टोपली दाखवली, आणि सरांच्या तोंडून निघालं.

"शिवकांता, डाव्या डबीत विभूती नव्हती."

"मग काय होतं?"

"मच्छरच्या कॉइलची राख."

बाईंना आधी कळलंच नाही. मग सरांनी सांगितलं. दोन गुडघे का, राख का, खडू का. चोळण्याचंही सांगितलं. बोलता बोलता आवाज चढला, कारण वर्गाला शिकवायचा गळा तो. हळू बोलायची सवय नाही. पुढच्या सीटवरचा फेटेवाला सावकाश मागं वळला.

"सर, कंची कॉइल म्हणलाव?"

"अहो, कॉइलनं काही होत नाही!"

"न्हाई, आमच्या मंडळीचे बी गुडघे गेलेत म्हणून इचारलो," म्हणत तो नाराज होऊन पुन्हा पुढं बघायला लागला.

बाई काही बोलल्या नाहीत. नांदेड येईपर्यंत बोलल्या नाहीत. बायको भांडते तेव्हा नवऱ्याला निदान बाजू मांडता येते. गप्प बसलेल्या बायकोपुढं कुठलं विज्ञान चालत नाही. दवाखान्याच्या बाकड्यावर टेकल्यावर त्यांनी समोरच्या भिंतीकडं बघत विचारलं.

"देवाची परीक्षा घेतलाव म्हणताव. देवाला सांगितला होताव का?"

"नाही."

"मला?"

"तुला सांगितलं असतं तर..." सर थांबले. प्रयोग बिघडला असता, हे वाक्य पुस्तकात बरोबर होतं. बाकड्यावर ते उच्चारवेना.

"मी रोज त्या राखेला हात जोडत होते तवा तुमी समोरच होताव. हसू यायचं का?"

"नाही गं."

"मग काय यायचं?"

"लाज," सर म्हणाले.

बाईंनी पदर खांद्यावर नीट केला. आतून नाव पुकारलं गेलं.

आनंदराज डॉक्टर तरुण होते, पण गुडघे बघून बघून चेहरा पोक्त झालेला. त्यांनी दोन्ही पाय वाकवून बघितले. "डावा बराच मोकळा झालाय. शिरा सैल पडल्यात. आतली गादी काही परत आलेली नाही. काय करत होतात?"

सरांनी तोंड उघडलं, पण बाई आधी बोलल्या. "डावा हे चोळत होते. उजवा देवावर सोडला होता."

डॉक्टरांनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. "देवानं आणि सरांनी मिळून दोन्ही बघितले असते तर बरं झालं असतं. असो. ऑपरेशनचं काय ठरलं?"

इथं बाई नाही म्हणाल्या असत्या तर त्यांना हो म्हणायला लावण्याचं तोंड सरांकडं उरलं नव्हतं.

"तारीख द्या," बाई म्हणाल्या. "पण आधी उजव्याची. त्याच्याकडं कुणी बघितलंच न्हाई."

बाहेर आल्यावर बाईंनी पुन्हा तोंड उघडलं. "तारामतीला तुमीच सांगायचं. तिच्या सासूसमोर."

"सांगतो."

"आन् व्याख्यानात?"

"तिथंही सांगतो," सर म्हणाले. मागच्या रांगेतून काय काय ऐकावं लागेल ते त्यांना आत्तापासूनच ऐकू येत होतं.

परतीच्या गाडीत दोघांना एकच बाक मिळाला, बाई खिडकीपाशी बसल्या. सरांनी वाटेत मनाशी जुळवलेली माफी आता घशाशी आली होती. ती लांबलचक होती, तीत सत्य होतं, विश्वास होता, मानवी बुद्धीच्या मर्यादा होत्या. त्यांनी घसा साफ केला. या वेळी तो खरंच साफ झाला.

"शिवकांता, सत्याच्या शोधात निघालेल्या माणसाकडून..."

"ते ऱ्हाऊ द्या," बाई म्हणाल्या. "तुमी हिकडं बसा. खिडकीतनं ऊन येऊन राहिलंय."