लिंबाजी, जागा सोडू नको

ढोकीच्या रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर गाणी वाजवत कारखान्याकडं चालले होते, आणि निकिता उंबऱ्यावर मोबाइल धरून बसली होती. त्या घरात नेटवर्क काय ते उंबऱ्यावरच यायचं. डावा पाय लांब पसरलेला, गुडघ्याला पट्टा. अंगणात आई तूर बडवत होती. काठीचा एक ठोका पडायचा, शेंगा तडकायच्या, आणि निकिताचं काळीज त्याच तालावर उडायचं.

मोबाइलवर फुटबॉलचा सामना चालू होता. हा खेळ खेळायचा नसतो, खेळवायचा असतो. आपला संघ, आपली आखणी. कोण कुठं उभा राहील, कोण कधी पुढं जाईल ते आपण सांगायचं, आणि हिरव्या मैदानावर धावणारे ठिपके बघत जीव मुठीत धरून बसायचं. जिल्ह्याच्या खो-खो संघातल्या सगळ्याजणी तो खेळायच्या. खरं मैदान सुटलं, कुणी पोलिसात गेली, कुणी सासरी. पण या लीगच्या निमित्तानं दिवस मावळायच्या आत एकमेकींचा आवाज कानी पडायचा. नियम त्यांचाच: हंगामाअखेर जी तळाला, ती बाहेर. तिच्या जागी धाकट्या पोरींतली एक आत.

आज शेवटचा सामना. तळाला दोघीच उरलेल्या, ढोकीची निकिता आणि जिल्ह्यातल्याच वाशीला दिलेली शिवगंगा. निकिता एका गुणानं वर होती. बरोबरी झाली तरी तिची जागा राहणार आणि शिवगंगा जाणार. शिवगंगा जिंकली, तर निकिता जाणार.

गुडघा गेल्यापासून निकिता घराबाहेर अशी पडलीच नव्हती. डॉक्टरकडं नेलं तेवढंच. लोक विचारतील, "आता मैदान न्हाय का गं?" त्यापेक्षा उंबरा बरा. त्या उंबऱ्यावर हातात एवढंसं हिरवं मैदान उरलेलं, आणि आज तेही निसटायला आलेलं.

"निके, तुझा लिंबाजी कुठं हाय बघ की." कानातल्या इअरफोनमधून शिवगंगा हसली. ती गोठ्यात लपून खेळत होती. मागं म्हैस हंबरत होती. "पार माझ्या गोलाजवळ आलाय. घर उघडं टाकून जेवायला आल्यावानी."

खेळाडूंची नावं या पोरींनी आपापल्या गावातनं उचलली होती. निकिताचा गोलकीपर म्हाळसाबाई, कारण म्हाळसाबाईच्या अंगणातनं कोंबडी बाहेर जात नसे. उजव्या कडेचा बचाव करणारा बॅक अण्णाराव, खो-खोच्या सरांचं नाव, कडक माणूस. आणि डावा बॅक लिंबाजी, गावचा पोस्टमन, ज्याचा पाय घरात ठरत नाही.

निकितानं दोन्ही बॅकना सांगितलं होतं, पुढं पळा. तिला तेवढंच ठाऊक होतं. लिंबाजी पळाला, त्याच्या पासवर ढोकीचा गोलही झाला. पण पुढच्याच चेंडूला तो परत येईपर्यंत त्याच्या मोकळ्या जागेतून शिवगंगाचा एक ठिपका वाऱ्यासारखा घुसला. एक-एक.

"व्हय गं बाई," शिवगंगा म्हणाली. आता ती हसत नव्हती. "तू अजून तशीच. खो यायच्या आत उठतीस."



जिल्हा संघाच्या खो-खोच्या अंतिम सामन्यात तसंच झालं होतं. शिवगंगा पाठलाग करत येत होती, निकिता चौकोनात बसलेली. पाठीवर हात पडायचा, कानात खो यायचा, मग उठायचं. पण निकिताला दम कुठला? ती आधीच उठली. फाउल. निसटलेला गडी भरून काढायला तिनं पुढच्या डावात खांबाकडं अशी झेप घेतली की गुडघ्यात काहीतरी कट्कन तुटलं. गडी गेला, सामना गेला, पाय गेला.

मध्यंतराला तिनं आखणी उघडली. लिंबाजीच्या नावापुढचा पुढं जाणारा बाण तिनं मागं ओढला. अण्णारावचाही. दोघांना रेषेपासून आत घेतलं, मधल्या उंच गड्यांच्या जवळ. शिवगंगाचे पोरगे चपळ, पण बुटके. त्यांना कडेची वाट मोकळी सोडायची, आतली बंद करायची. कडेनं जाऊन उंच चेंडू टाकतील तर टाकू देत. उंचावर आपल्याच गड्यांची डोकी पोचतात. चेंडू डावीकडं असला की अण्णारावनं मधे सरकायचं, उजवीकडं गेला की लिंबाजीनं. अंगावर धावून जायचं नाही. उभं राहायचं. फक्त उभं राहायचं.

लिंबाजी, बाबा, जागा सोडू नको. ती मनात म्हणत राहिली, पाळणा हलवावा तशी. जागा सोडू नको.

शिवगंगा येत राहिली. कडेनं आली, चेंडू उंच टाकला, परतवला. पुन्हा आली. एकदा अण्णाराव सरकायला विसरला आणि ठिपका थेट म्हाळसाबाईच्या पुढ्यात. चेंडू खांबाला लागून बाहेर गेला. निकितानं ओढणीचं टोक दातांत धरलं.

"ये की पुढं!" शिवगंगाचा आवाज चिरकला. "समोर सगळं रान मोकळं हाय. भ्यालीस व्हय?"

खरंच रान मोकळं होतं. शिवगंगाचे सगळे गडी चढून आलेले, मागं कुणी नाही. लिंबाजी पळाला असता तर दुसरा गोल, आणि सुटका. निकिताचं बोट त्या बाणावर गेलं. सगळं अंग म्हणत होतं, ऊठ. पाठीला मात्र कुणाचा हात लागला नव्हता. तिनं बोट उचललं आणि मांडीखाली दाबून धरलं.

"शिवे, म्या येत न्हाय," ती रडवेली होऊन म्हणाली. "तू कितीबी बोलीव."

शेवटचा चेंडू कडेनं आला, उंच टाकला गेला, म्हाळसाबाईनं कवळला. शिट्टी वाजली. एक-एक.

निकिताच्या तोंडून हुंदका आला, की हसू, तिलाच कळलं नाही. मग स्क्रीनवर तळाचं नाव करडं झालं. शिवगंगा.

इअरफोनमध्ये लांबून कुणी बाई ओरडत होती, "अगं, धार काढतीस का झोपलीस?"

"बसलीस गं निके," शिवगंगा हळूच म्हणाली. "आज खरी बसलीस. सरांनी बघायला पायजे हुतं."

"शिवे..."

"हितं माझ्याशी कामाबिगर कोण बोलतंय? तुमचा तेवढा आवाज कानी पडायचा. आता सासूबाईला म्हणते, घ्या हा मोबाइल. माझं काय काम त्यात?"

आवाज तुटला. निकितानं परत फोन लावला. बंद. तिनं घाईनं मेसेज लिहिला, "माझा संघ तू घे. तू ऊठ, मी बसते. खो." मेसेजपुढं एकच टिक आली. पोचल्याची दुसरी येईना. ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर गेले, तरी येईना.

खो देणाऱ्यानं उठणाऱ्याच्या जागी बसायचं असतं, ते तिला पाठ होतं. पण पाठीला हात लागल्याशिवाय खो होत नाही. लांबून ओरडलेला खो सरांनी कधी मानला नव्हता.

ती दाराच्या चौकटीला धरून उठली. गुडघ्यातून कळ गेली, डोळ्यांपुढं अंधारी आली, पण ती उभी राहिली.

"आई, वाशीला गाडी कवा हाय?"

आईची काठी वरच्या वर थांबली. इतक्या महिन्यांत लेकीनं गाडी विचारली नव्हती. "वाशीला? आन् गुडघा?"

"त्यो बी येतूय की संगं."

हसावं की रडावं, आईलाही कळेना. मग तिनं काठी भिंतीला टेकवली, पदरानं डोळ्यांतलं तुरीचं भुसकट पुसलं आणि लेकीच्या पाठीवर हात ठेवला.

"चल, म्या येते फाट्यापत्तर. येडशीला बदलावी लागंल. आन् गाडीत चढताना उजवा पाय आदी टाक."