नळीचं गाऱ्हाणं

"नळीच फुटकी आसा. हवा खंय तरी पळता," सांतान भट्टीपाशी पुटपुटला आणि काच फुंकायची ती लांब लोखंडी नळी त्याने सेलेस्तीनच्या नाकासमोर धरली. "बघ! बघ गो!"

सेलेस्तीनने एक डोळा मिटून पाहिलं. पलीकडच्या टोकाला मांजर दिसलं, शेपटीसकट धडधाकट.

"व्हय रे, फुटकीच दिसता," ती म्हणाली. लग्नाला पस्तीस वर्षं झाली की बाई मांजर बघते आणि भोक सांगते.

सांतान तीस वर्षं इटलीच्या बोटीवर खानसामा होता. बोट व्हेनिसला लागली की बाकीचे बाजारात, हा मुरानो बेटावर काचवाल्यांच्या दारात. निवृत्त होऊन आचऱ्याला आला तो नळी घेऊनच. काजूच्या खोपीत भट्टी घातली, बियरच्या बाटल्या वितळवल्या. येईल त्याला सांगायचा, "आधी काच साच्यात घालीत. दोन हजार वर्षांमागे सिरियाकडच्या कोणी तरी पयली फुंकर मारल्यान, आणि काचेक पोट इला!"

पहिल्या वर्षी त्याने नारळाएवढे दिवे केले. पुढच्या चतुर्थीपर्यंत ते लिंबाएवढे झाले, नाताळात काजूच्या बीएवढे. आता मिऱ्याएवढ्या फुलदाण्या निघत होत्या. गावानेही जमवून घेतलं. शेजारच्या काशीबाईने एक फुलदाणी खिडकीत ठेवून तिच्यात गवताचा तुरा खोचला आणि म्हणाली, "हल्ली बारीक कामाकच मान आसा." कोणी खाऱ्या वाऱ्याला दोष दिला, कोणी भट्टीच्या गॅसला. चॅपलच्या पाच पायऱ्या चढताना सांतान दोनदा थांबून समुद्र बघायचा. बरोबरचे सगळे थांबून बघायचे. तिथून समुद्र दिसत नाही, माड दिसतात.

सेलेस्तीनने कुडाळच्या डॉक्टरकडे तीनदा नंबर लावला. तिन्ही वेळा सांतानला नेमकी नळी घासायची होती. "बिघडली ती नळी. मी कित्याक जाऊ?"

शेवटी काशीबाईच्या दिराने, बाबलीने, नळीसाठी गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. अख्ख्या वाडीची गाऱ्हाणी तोच देवापुढे मांडायचा. केळीच्या पानावर नळी निजवली, तिला जास्वंद वाहिली. सांतान चॅपलमधल्या रविवारच्या मिसाचा शर्ट घालून उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वाडी म्हणाली.

"ह्या नळीक मुरानोच्या काचवाल्यांची नजर लागली असात..."

"व्हय म्हाराजा!"

"सिरियाच्या त्या मूळ पुरुषाचो मान ऱ्हवलो असात..."

"व्हय म्हाराजा!"

"तर ता बाजूक सारून..." इथे बाबली अडकला. गाऱ्हाण्यात खरं दुखणं सांगावंच लागतं, नाही तर देव भलतीच वस्तू दुरुस्त करून जातो. बाबलीने काशीबाईकडे पाहिलं. काशीबाई नारळाची शेंडी निरखू लागली.

सेलेस्तीनला पुढचं सगळं दिसलं. आता देव नळी नीट करणार, आणि हा माणूस होता नव्हता तो श्वास तिच्यात ओतणार.

"सर रे बाबली," म्हणत ती पुढे झाली. छातीवर बोटांनी क्रूस काढला, मग हातही जोडले. "बा देवा म्हाराजा, नळी बरी आसा. माज्या घोवाच्या छातीत दम उरूक नाय. माका भंय वाटता. उद्या डाक्टराकडे जावची तेका बुद्धी दी रे म्हाराजा."

सगळी वाडी सांतानकडे वळली. भट्टी घोंघावत होती.

सांतानने पानावरच्या नळीकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"व्हय म्हाराजा," तो म्हणाला, आणि तेवढ्यासाठीही त्याला मध्ये थांबावं लागलं.