टेकडीवरची दहा मिनिटं

त्या दिवशी माझी जीभ झडली असती तर फार बरं झालं असतं. वार्षिक बैठकीत साहेबांनी विचारलं, बाकी सगळीकडे नेटच्या नावाने बोंब आहे, टेकडीवरच्या पंपघरात मात्र दोन वर्षांत एकदाही तुटलं नाही, हे कसं काय? मी उभा राहिलो, छाती फुगवली आणि म्हणालो, "साहेब, काम इतकं पक्कं केलंय की तिथे माणूससुद्धा लागत नाही." टाळ्या पडल्या. शाबासकीचं पत्र मिळालं. बायकोने त्याला चौकट करून ते बाहेरच्या खोलीत टांगलं. दीड महिन्याने दुसरं पत्र निघालं, ते आक्कांच्या नावाचं होतं.

आक्का म्हणजे त्या पंपघराच्या राखणदार. नवरा तिथे पंप चालवायचा. तो गेल्यावर नोकरी यांना मिळाली, आणि नोकरीबरोबर पंपघरामागच्या दोन खोल्या. मूलबाळ नाही, दुसरं घर नाही. पत्रात लिहिलं होतं, पंप आता आपोआप चालतो, सबब राखणदाराची गरज उरलेली नाही, महिनाअखेर खोल्या रिकाम्या कराव्यात. आणि हे पत्र नेऊन द्यायला निवडलं कुणाला? मला.

आता त्या पंपाचं सांगतो. पंप टेकडीवर, टाकी खाली वस्तीत. टाकी किती भरली हे पंपाला कळतं ते मोबाइलच्या सिमवर चालणाऱ्या राउटरमधून. नेट सलग दहा मिनिटं गेलं की पंप आपला आपण बंद पडतो, आणि तेव्हाच ऑफिसात नोंद होते. दहाच्या आत परत आलं तर ऑफिसला पत्ताही लागत नाही.

भर दुपारी वर पोचलो. आक्का राउटरपुढे उभ्या होत्या. वायर उपसून हातात धरली होती आणि तोंडाने आकडे चालू होते. तीसपर्यंत मोजून त्यांनी वायर परत खोचली. दिवा लाल लागला, थोडा वेळ मिचमिचला आणि हिरवा झाला. मग त्या दारामागे गेल्या आणि खडूने भिंतीवर एक रेघ ओढली. मी दार पुढे ओढून पाहिलं. जमिनीपासून आक्कांचा हात पोचेल तिथपर्यंत अख्खी भिंत रेघांनी भरली होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे कधीपासून चाललंय, म्हणून मी जवळजवळ ओरडलोच.

"तू हा डबा बसवलास त्याच आठवड्यापासून," आक्का राउटरकडे बोट दाखवत म्हणाल्या. "तुला सांगितलं होतं की, वायरमन. तू म्हणालास, बरं बरं, आधी चहा टाका."

मी वायरमन नाही, नेटवर्कचा तंत्रज्ञ आहे, हे त्यांना शंभरदा सांगून झालंय. त्या दिवशी नाही सांगितलं. कोणत्या तोंडाने सांगणार? राउटर अडकून दिवा लाल झाला की, दिवसातून तीन-तीन, चार-चार वेळा, ही बाई धावत येऊन वायर काढते, मोजते, लावते. बाजारात गेली तर अर्ध्या पिशवीनिशी परत. सख्ख्या भाचीच्या लग्नाला गेली नाही, का, तर डबा लाल होईल. आणि पक्कं काम कुणाचं? माझं! वर फोटो काढून घेतला मी शाबासकी घेताना, दात दाखवून.

पत्र दिलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवलं. रडल्या नाहीत, मला शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मग डबा कोण बघणार, एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी भिंतीचा फोटो घेऊन साहेबांपुढे उभा राहिलो. सगळं ओकलो. माझी शाबासकी खोटी आहे, नेट त्या बाईने जिवंत ठेवलंय, हेही सांगितलं. साहेबांनी फोटो मोठा करून बघितला आणि पहिलं वाक्य काय बोलावं माणसाने? भिंत खराब केली म्हणे. मग म्हणाले, "वायर काढायची आणि लावायची, एवढंच ना? त्याला टायमर मिळतो."

मी समजावलं, टायमर घड्याळ बघतो, दिवा बघत नाही. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला तो वायर बंद-चालू करेल. डबा अकराला अडकला तर काय? पण जन्मात कधी टेकडी न चढलेला माणूस नाकाने कांदे सोलत मला राउटर शिकवायला लागला. शेवटच्या दिवशी टायमर बसव, कुलूप लाव, किल्ली आण, असा हुकूम झाला. नाही जाणार म्हणालो. मग दुसऱ्याला पाठवतो आणि तुझंही बघतो, म्हणाले. तेव्हा माझी शेपूट आत गेली, खोटं कशाला बोलू.

घरी सगळं सांगितलं. बायको उठली, चौकट उतरवली आणि कपाटावर पालथी टाकली.

महिनाअखेर मी वर गेलो तर पायरीवर एक ट्रंक आणि दोन गाठोडी तयार होती. जागा मिळेपर्यंत भाचीकडे राहणार होत्या, जिच्या लग्नाला गेल्या नव्हत्या तिच्याकडे. मी टायमर बसवत होतो आणि आक्का मला स्क्रू हातात देत होत्या. आपलंच घर बंद करायला मदत करत होती बाई! दाराला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. ट्रंक उचलायला वाकलो तेवढ्यात त्या खिडकीपाशी थांबल्या.

"लाल झाला," त्या म्हणाल्या.

घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. टायमर आता संध्याकाळी जागा होणार. आक्कांनी किल्लीसाठी हात पुढे केला. सवयच ती. मी किल्ली मुठीत घट्ट धरली आणि मान हलवली. वस्तीत लोक नळ उघडून उभे असतील, त्यांनी काय पाप केलंय, असं त्या पुटपुटत होत्या. मला कळत नव्हतं का? पण डोकं इतकं सणकलं होतं की मी जागचा हललो नाही. दोघं ट्रंकेवर बसलो. त्यांची नजर खिडकीतून हटेना. ओठ हलत होते, आकडे मोजत होत्या.

दहा मिनिटं झाली आणि पंप थांबला. दोन वर्षांत पहिल्यांदा टाकी भरायच्या आधीच टेकडीवरचा पंपाचा आवाज बंद झाला होता.

पुढच्या मिनिटाला फोन वाजला. साहेब. काय झालं, कोण आहे तिथे, आक्का गेल्या नसतील तर त्यांना म्हणावं जरा वायर काढून लावा. मी फोन आक्कांच्या हातात दिला.

त्यांनी तो दोन्ही हातांनी कानाशी धरला. साहेबांचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. 

"साहेब, मी आता कामावर नाही," त्या म्हणाल्या. "माणूस लागतो, असं कागदावर लिहून पाठवा. मी पायरीवर बसलेय."

फोन मला परत दिला आणि त्या पुन्हा खिडकीकडे बघत बसल्या.