प्रसादातला लसूण

“उंबऱ्याबाहेरच राहा, गोदूबाई. बाळंतिणीवर तुझी सावली नको.”

गोदूबाईने केशवपन केलेल्या डोईवर पदर पुढे ओढला. “नाही येत आत, कमळावहिनी. पण सुनेला नुसता तूपभात किती दिवस घालाल? माठाची भाजी द्या, मुगाचं कढण द्या. दूध कुठून येईल?”

आतून मालन म्हणाली, “सासूबाई, घोटभर पाणी तरी द्या ना.”

“पड गप. पाण्याने पोट सुटतं.” मग कमळाबाई इकडे वळल्या. “स्वतःचं पोर राखता आलं नाही, ती मला शिकवतेय.”

“म्हणूनच सांगते. मलाही तूपभातच घालत होते.”

दार लागलं. आत मूल रडत होतं. रडण्यात जोर नव्हता. आगगाडी कल्याणात येऊन वर्षं झाली, पण बाळंतिणीचं पान बदललं नव्हतं.

गोदूबाईला सुख एकच, रामाच्या देवळातलं परशुरामबुवांचं कीर्तन. खांबामागे बसून ऐकताना तिला डोळे पुसायचं भान नसे. नंतर प्रसाद घरोघर पोचवायचं काम बुवांनी तिलाच दिलेलं. प्रसादाला कोण नाही म्हणणार? ती मालनच्या द्रोणात मुगाची उसळ घालू लागली, तळाशी माठाची भाजी. हळूहळू मुलाचं रडणं भिंतीपलीकडे, तिच्या खोलीतही ऐकू येऊ लागलं. मग तिला हाव सुटली. लसणाने दूध वाढतं म्हणून तिने उसळीत चार पाकळ्या ठेचून घातल्या.

त्या संध्याकाळी कमळाबाई द्रोण घेऊनच देवळात आल्या. “बुवा, तुमचा राम लसूण केव्हापासून खायला लागला? तोही विधवेच्या हातचा?”

बायका हसल्या. बुवांनी द्रोण हुंगला. “गोदूबाई, हा देवाला दाखवलात?”

“नाही. मालनसाठी केला. तिला दूध नव्हतं.”

बुवा हातातल्या चिपळ्यांकडे बघत राहिले. “उद्यापासून पायरी चढू नका.”

दुसऱ्या दिवशी कीर्तनाच्या वेळी गोदूबाई पायरीखाली, मातीत बसली. कमळाबाई आल्या.

“बाजूला सर. सावली पडते.”

ती सरली. कमळाबाईंनी पदर आवळून घेतला आणि मान न वळवता पायऱ्या चढल्या. त्या पदराला लसणाच्या ताज्या फोडणीचा वास होता.

आत मृदंगावर थाप पडली. गोदूबाईने गुडघ्यावर ताल धरला.