फायनल होऊ दे

त्या सकाळी शेवंताबाई चुलीपुढे ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होती आणि मयुरी मोरीत बसून भावाची जर्सी घासत होती. तिची धरणगावची बस साडेआठला, अकरावीचा वर्ग साडेनऊला. भाऊ हितेंद्र जळगावच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आणि तिथल्या बास्केटबॉल टीमचा सेंटर. उंची सहा फूट दोन इंच. दारातून वाकून यावं लागे, आणि गावभर त्या उंचीचं केवढं कौतुक! मयुरीही पाच फूट आठ इंच होती. पण पोरीच्या उंचीचं कौतुक कोण करतो हो? ताडासारखी वाढली, आता उजवून टाका, एवढंच लोक म्हणतात.

त्या कॉलेजची टीम आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत अकरा वर्षं पहिल्या फेरीतच हरून घरी यायची. त्यामुळे यंदा पहिली मॅच दोन पॉइंटांनी जिंकली तेव्हा प्राचार्यांनाही आधी खरं वाटलं नाही. दुसरी जिंकली, तिसरी जिंकली. जळगावच्या गादीवाल्याचा शाहबाज चेंडू घेऊन सापासारखा शिरायचा आणि रिंगखाली हितेंद्रच्या हातात आणून द्यायचा. संध्याकाळी हितेंद्र घरी आला की मयुरी त्याच्यामागे लागून सगळी मॅच अंगणात करून दाखवायला लावी. कोण कसा पडला, पंच कुठे चुकला, शेवटचा फ्री थ्रो कसा रिंगवर फिरून आत गेला, सगळं. तिला नियम त्याच्या काही मित्रांपेक्षा जास्त कळायचे.

सेमीफायनलच्या आधी घरात एक गोष्ट ठरली. तीच या कथेचं मूळ आहे, म्हणून नीट सांगते.

आमच्या खान्देशात आता शेतकऱ्याच्या पोराला पोरगी मिळत नाही. का मिळत नाही, ते गावातल्या प्रत्येक घराला माहीत आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी पोटातल्याच पोरी कुठे गेल्या, ते आपण कधी बोलत नाही. मग यावर उपाय म्हणून जुनी चाल पुन्हा निघाली आहे, साटंलोटं. तुमची पोरगी आमच्या पोराला, आमची पोरगी तुमच्या पोराला. बाजारात बैल बदलतात तसं. फरक इतकाच, की बैलाचे दात तरी बघतात.

मयुरीचा बाप पितांबर वाईट माणूस नव्हता. दारूला शिवत नव्हता, बायकोवर हात टाकत नव्हता. पण हितेंद्रला चार स्थळांनी नकार दिला होता. नोकरी नाही, नुसती उंची आहे, म्हणाले. मग सोनगीरजवळच्या गावातून निरोप आला. मुलगी डिंपल, वय वीस. तिचा भाऊ योगराज, वय बत्तीस, दहा वर्षं बाशिंगाची वाट बघत बसलेला. योगराजला मयुरी द्या, हितेंद्रला डिंपल घ्या. दोन्ही लग्नं एकाच मांडवात, तुळशीचं लग्न झालं की पहिल्या तिथीला.

"एक पोर देसूत, एक पोर लेसूत," पितांबर घरी सांगत होता. "शबूद दिल्हा शे मी."

मयुरीला सोळावं सरून तीन महिने झाले होते. शेवंताबाईने एकदाच म्हणून पाहिलं, बारावी तरी होऊ द्या. पितांबर म्हणाला, तोवर डिंपलला दुसरं कोणी नेईल, मग पोराला कुठून आणू? शेवंताबाई चुलीकडे वळली. तिला स्वतःला पंधराव्या वर्षी दिली होती, आणि तीही अशीच कुणाच्या तरी बदल्यात आली होती.

हितेंद्रला विचारलं तेव्हा त्याने काय म्हणावं? डिंपलचा फोटो पाहिला, बरी वाटली. आबा, फायनल झाल्यानंतरची तारीख धरा, इतकंच तो बोलला. बहिणीचा विचार त्याच्या मनाला शिवलासुद्धा नाही. मला त्याचा राग येतो, आणि त्याहून जास्त वाईट वाटतं, कारण पोरगा मनाचा चांगला होता.

त्या संध्याकाळी अंगणात मॅच झाली नाही. मयुरी त्याच्याजवळ येऊन बसली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "भाऊ, तू नई म्हन. तू नई म्हना ते मन्हं लगीन बी मोडी जाई. मन्हं कोणी ऐकाव नई. तुन्हं ऐकतीन."

बरोबर बोलली होती. साट्यात एकाने पाय काढला की दोन्ही लग्नं मोडतात. तिचं आयुष्य भावाच्या एका शब्दावर होतं. हितेंद्र तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "फायनल होऊ दे. मग मी आबाशी बोलस." फायनलला बारा दिवस होते.

तो अगदीच विसरला असं नाही. सरावात चुका व्हायला लागल्या तेव्हा टीमच्या कोच शालिग्राम सरांनी बाजूला घेतलं. घरचं टेन्शन आहे सर, एवढं तो सांगू शकला. काय टेन्शन, ते सरांनी विचारलं नाही. घर फायनलनंतर, असं म्हणून त्यांनी पाठ थोपटली. शाहबाजला त्याने सगळं सांगितलं. शाहबाज म्हणाला, आजच बोल यार. हितेंद्र म्हणाला, आता बोललो तर आबा फायनलला धुळ्याला जाऊच देणार नाहीत. आणि तेही खोटं नव्हतं.

सेमीफायनल आणि फायनलसाठी टीम तीन दिवस धुळ्याला गेली. इकडे गावात लग्नाचं कानावर आलं म्हणून ग्रामसेवकाने मयुरीच्या जन्माचा दाखला मागितला. पितांबर घाबरला. तारखेची वाट बघत बसलो तर लग्न अडेल, म्हणून त्याने सोनगीरच्या पाहुण्यांना फोन केला आणि ठरवून टाकलं: पोरीचं लग्न आत्ताच, तुमच्याच दारात, चाळीस माणसांत, पोराचं मागाहून. हितेंद्रला कोणी कळवलं नाही. शेवंताबाईच म्हणाली, पोराच्या खेळात विघ्न नको. मायेनंच म्हणाली बिचारी.

फायनल शनिवारी दुपारी होती. शेवटच्या मिनिटाला एक पॉइंट कमी असताना हितेंद्रने रिबाउंड ओढून चेंडू रिंगमध्ये टाकला, आणि अकरा वर्षांचा वनवास संपला. पोरं एकमेकांच्या अंगावर पडून रडली. तिथून वीस किलोमीटरवर, त्याच वेळी, मयुरीच्या डोक्यावर अक्षता पडत होत्या.

रात्री टीम जळगावला पोहोचली, सकाळी तो घरी आला. शेवंताबाईने त्याच्यापुढे ताट वाढलं आणि मगच सांगितलं. तो ताटावरून उठला. शाहबाजला मोटरसायकल घेऊन बोलावलं आणि दोघं सोनगीरला गेले. मयुरी डोक्यावर पदर घेऊन पाण्याचे तांबे घेऊन आली. हातावरची हळद अजून उतरली नव्हती.

"जिंकना का भाऊ?" तिने विचारलं. त्याने मान हलवली. बरं झालं, म्हणाली. योगराज गोठ्याकडे वळला तेव्हा ती घाईने बोलली, "आते नई म्हनू नको. तू आते नई म्हना ते बठ्ठा राग मन्हावर काढतीन."

बघा कशी ही चाल. बारा दिवसांपूर्वी ज्या नकाराने ती वाचली असती, त्याच नकाराने ती आता मार खाणार होती.

हितेंद्र परत गावी गेला नाही. सोमवारी सकाळी तो धुळ्याच्या बाल संरक्षण कार्यालयात जाऊन बसला. तिथल्या दिपमाला ताईंनी तक्रार लिहून घेतली: बापाचं नाव, योगराजचं नाव, लग्न लावणाऱ्याचं नाव. हितेंद्र म्हणाला, माझंही लिहा; मला बारा दिवस माहीत होतं. त्या म्हणाल्या, तसा रकाना नाही. तो म्हणाला, मग खाली लिहा. त्यांनी लिहिलं.

मयुरीला ताईंनी त्याच दिवशी पोलिसांबरोबर जाऊन आणलं. आता ती मुलींच्या बालगृहात आहे, अकरावीची पुस्तकं तिला मिळाली आहेत. पितांबरने पोराला घराचं दार बंद केलं. डिंपलच्या घरचे गावात शिव्या देत फिरतात. केस चालू आहे.

आणि तुम्ही-आम्ही? त्या चाळीस माणसांत आपल्यातलेच कोणीतरी जेवून उठले. यंदाही पत्रिका येतील. पत्रिका हातात आली की हॉल कुठे हे विचारण्याआधी, नवरी कितवीत आहे ते विचारा, आणि उत्तर ऐकून गप्प बसू नका.

बालगृहात भेटीची परवानगी मिळाली तेव्हा हितेंद्र तिच्यासमोर बसला. सगळं सांगून झालं, तक्रार, केस, वकील. मयुरीने ऐकून घेतलं. ती रागावली नव्हती. तिने फक्त विचारलं, "हाई बठ्ठं बारा दिन पयले का बरं नई करं तू?"

भेटीची वेळ संपेपर्यंत ती उत्तराची वाट बघत बसून राहिली.