तलावातली गार जागा

मी एक जुना तापमापक आहे, पाण्याचा. अंगावर पितळेचं आवरण, आत काचेच्या नळीत पारा आणि बुडाशी एक छोटी वाटी. तळाचं पाणी त्या वाटीत धरून आणलं नाही, तर वर येईपर्यंत माझा पारा बदलतो आणि मी खोटा ठरतो.

उज्जैनच्या एका कॉलेजने मला मागवलं, तेव्हा कुसुमताई तिथे नुकत्याच प्राणिशास्त्र शिकवायला लागल्या होत्या. दर रविवारी त्या देवास गेटहून बस धरून मला शहराबाहेरच्या तलावावर न्यायच्या. तिथे बापू नावाडी वाट पाहत असे. मला दोरीने पाण्यात सोडायचं, जरा थांबायचं, वर ओढून आकडा वहीत लिहायचा. असं एकतीस वर्षं चाललं. त्या निवृत्त झाल्या, तेव्हा नवी यंत्रं आली होती. मला कॉलेजने त्यांनाच देऊन टाकलं.

मित्रांनो, सुरुवातीला मे महिन्यातही तलावाचं पाणी तिशीच्या आसपास असायचं. मग काठची झाडं गेली, गाळ साचून तलाव उथळ झाला, उन्हाळे कडक होत गेले. पारा पस्तिशीला टेकू लागला. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो. पहाटे रोहू मासे वर येऊन तोंडं उघडी टाकायचे. ते पाहिलं की कुसुमताईंच्या हातातलं पेन थांबायचं.

निवृत्तीनंतरच्या एका मे महिन्यात जुन्या घाटासमोर त्यांनी मला खोल सोडलं. पारा सरसर उतरला. सत्तावीस. तळातून झऱ्याचं पाणी येत होतं, आणि माझ्याभोवती मासेच मासे होते, अंगाला अंग लावून, दोरीला घासत. सगळ्या तलावात जगण्यासारखी तेवढीच जागा उरली होती. एका खोलीएवढी.

"बापू, सापडली जागा," कुसुमताई म्हणाल्या.

"मेरे को मालूम थी, बाई. पिताजी बताते थे. ये बात अपने पास ही रखना."

"का? लोकांना कळलं तर ते जपतील."

बापू वल्हं मारू लागला.

कुसुमताईंनी वर्तमानपत्रात लेख लिहिला. सोबत नकाशा दिला, त्यात घाटासमोर निळं वर्तुळ काढलं. टावर चौकाजवळच्या सभागृहात त्यांचा सत्कार झाला. मला टेबलावर ठेवलं होतं. टाळ्या वाजल्या तेव्हा, खरं सांगतो, मला अभिमान वाटला.

पुढच्या मे महिन्यात बापू घरी आला आणि दारातच बसला.

"मासेमारीच्या ठेकेदाराचे लोक आले होते, बाई. नक्शा था उनके पास. तीन दिन वहीं जाल डाला."

"आणि मासे?"

"भागते कहाँ? बाहर का पानी गरम. जो निकलीं, वो उलटी होके तैर रही थीं."

कुसुमताईंनी त्याला चहा दिला. स्वतःचा तसाच गार होऊ दिला.

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन तलावावर गेल्या. मी तळाला पोचलो. पारा सत्ताविसावर उतरला. पाणी तेवढंच गार होतं. तिथे कोणी नव्हतं.

मला वर घेऊन त्यांनी आकडा वाचला, पण वही उघडली नाही.

"तुम्ही सांगितलं होतं, बापू."

"आपने बुरा थोड़े ही सोचा था," बापू म्हणाला, आणि नाव काठाकडे वळवली.

तेव्हापासून मी कपाटात आहे, भैरवगढच्या छापाच्या जुन्या ओढणीत गुंडाळलेला. कुसुमताई ते कपाट उघडत नाहीत. मित्रांनो, त्यांना दोष देऊ नका. जागा दाखवली ती मीच. आकडा सांगणं एवढंच मला येतं. तो कुणाच्या हाती पडेल, हे मला कळत नाही.

तुम्हाला कळू शकतं. कुठल्या पाण्यात माशांनी धरलेली गार जागा सापडली, तर तिथे जाळं पडणार नाही याची आधी तजवीज करा. झऱ्याचं तोंड मोकळं ठेवा, काठावर सावली वाढवा. नकाशा मागाहून काढा. आणि सुट्टीत कधी उज्जैनच्या फ्रीगंजात आलात, तर कुसुमताईंकडे जा. तलावाचं काही विचारू नका. नुसते थोडा वेळ त्यांच्यापाशी बसा.