हलका फ्रीव्हील

या, सरकून बसा. आलापल्लीच्या सोमाजीच्या मनात पाप कसं शिरलं, ते सांगतो.

सोमाजी फॉरेस्टच्या डेपोत लाकूड मोजायचा. रविवारी मात्र हौसेनं सायकल काढून सागवानातला चढ चढायचा, घड्याळ लावून. दहा मिनिटं. त्यातही शेवटच्या टप्प्यात उतरून ढकलावंच लागे. एकदा तरी न उतरता वर जायचं, एवढीच आस.

शनिवारी कय्यूम मिस्त्रीकडे तेलपाण्याला टाकलेली सायकल घ्यायला गेला, तर आतून बायकोला सांगणाऱ्या कय्यूमचा आवाज आला. "शहजादी, सोमाजीभाऊ को हलका फ्रीव्हील डाला. उनको बोलना मत."

हलका! वीस वर्षांचा दोस्त, आणि हलका माल मारतो? सोमाजी सायकल घेऊन तडक निघाला. पाय नुसते रिकामे फिरत होते. घरी मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलचे, म्हणजे साखळीच्या चक्राचे, दाते मोजले. अठराचे बावीस झालेले. म्हणजे आपला चांगला काढून विकला! उद्या चढावर पुरावा घ्यावा, मग त्या दुकानाची पायरी चढायची नाही.

रविवारी चढाला लागला तो रागातच. जोर मारला, छाती भरून आली. मग हात टेकले, पाय सैल सोडले. आदल्या एकादशीच्या कीर्तनातला मृदंग डोक्यात होता, पाय त्याच चालीवर फिरू लागले. पाहतो तो वर! न उतरता, साडेआठ मिनिटं.

घड्याळ कानाला लावलं. बंद तर नाही? खाली येऊन पुन्हा चढला. तेच.

तसाच दुकानात गेला. "काऊन बा कय्यूमभाई, हलका माल टाकला?"

"हलकाच तं टाकलो. दाते जास्त, तं पायडल हलकं. जड रेटून गुडघे फोडून राह्यले होते तुमी. ताकद म्हंजे नुसता जोर नाई भाऊ, जोर आन् फेरे. तुमचा मृदंगवाला एकच थाप हानून बसते का? चाल धरते."

"मंग लपवलं काऊन?"

"सांगतलो असतो तं म्हनले असते, मले म्हातारा समजला का. जुना तो पाहा, खिळ्याले टांगला हाय. न्या."

सोमाजीनं मान खाली घातली. "मी तुमच्यावर शक घेतला."

"घेतला तं घेतला. चढले ना? मंग चाय पाजा."

जुना फ्रीव्हील सोमाजीनं तिथंच राहू दिला. तर मायबाप हो, उद्या देवाचं नाव घ्याल, तेव्हा त्या कय्यूम मिस्त्रीचीही आठवण ठेवा.